खाटकाचा कान

"सोमवारपासून दुकानात यायचं. ढोल बडवणं पुरे झालं," लंडनजवळच्या क्रॉयडनमधले नामांकित खाटीक असलेल्या रेजीच्या वडिलांनी टीव्हीसमोर बसता बसता निकाल देऊन टाकला.

रेजीला खरं सांगायची सोय नव्हती. गेल्याच महिन्यात त्याने लंडनच्या एका स्टुडिओत रॉक अँड रोल बँडच्या रेकॉर्डसाठी ड्रम वाजवले होते. बँडचा स्वतःचा ड्रमर दिसायला राजबिंडा होता. फक्त त्याला ड्रम येत नव्हते. रेकॉर्ड तुफान खपली. कव्हरवर अर्थातच राजबिंडा. रेजीला मात्र स्टुडिओवाल्यांची तंबी होती, की घरीसुद्धा अवाक्षर काढलंस तर पुन्हा बोलावणार नाही.

आता तोच बँड टीव्हीवर आला. मागे रेकॉर्ड लावलेली, पुढे राजबिंडा केस उडवत काठ्या फिरवतोय.

"बघ, याला म्हणतात वाजवणं!" आई म्हणाली. रेजीने इमानदारीत मान डोलावली.

वडील पुढे वाकले. तीस वर्षं लाकडी ठोकळ्यावर सुरा चालवलेला माणूस तो.

"अगं, घाव पडायच्या आधीच आवाज येतोय! हा लेकाचा नुसता हात हलवतोय. मग वाजवतंय कोण?"

रेजीने नजर टीव्हीवरच ठेवली. बोटं मात्र त्याला न विचारता गुडघ्यावर चालली होती, गाण्यातल्या ठोक्याला ठोका जुळवून.

वडिलांनी गाणं संपेपर्यंत ती बोटं पाहिली आणि टीव्ही बंद केला.

"दुकानात मी दुसरा माणूस बघतो," ते आईला म्हणाले. "याला वेळ होणार नाही."