प्रेसला कोणी बोलावलं

“पाह्य बेटा, मशीनच सांगून राह्यली,” ताराचंद शेठ म्हणाले. “बटण दाबलं, प्रेस खाली आली. दारावरची कळ तुह्या बापानंच तारेनं बांधून ठेवली असंल. मधात कोणी नाई.”

वडनेरच्या त्यांच्या जिनिंगमध्ये रुईची गाठ दाबणारी ती प्रेस जाळीचं दार उघडं असताना दारावरच्या कळीमुळे खाली यायलाच नको होती. पण ती आली, आणि अडकलेली रुई काढणाऱ्या कवडूजींना हातापासून आत ओढून घेऊन गेली. त्या क्षणी थिजलेल्या कंट्रोलरची, म्हणजे प्रेस चालवणाऱ्या संगणकाची, वीज अजून चालूच होती. आता अपघाताच्या अहवालात ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच लिहायचं राहिलं होतं.

कवडूजींची मुलगी माधवी नागपुरात प्रोग्रॅमिंगच करायची. पडद्यावर डीबगरने, म्हणजे कोडमधली चूक शोधणाऱ्या प्रोग्रॅमने, दोनच नावं दाखवली होती : बटण आणि प्रेस. तिने कंट्रोलरचा कोड लिहिणाऱ्या योगेंद्रकडे पाहिलं. “असेम्ब्ली भाषेत हा कोड तुम्हीच हाताने लिहिलात ना?”

“मीच. पण ही नावं डीबगरने दिलीत, ताई.”

“प्रत्येक कामाने स्टॅकवर, म्हणजे कंट्रोलरच्या तात्पुरत्या स्मृतीत, आपली चौकट मांडली, तरच डीबगरला मागे मागे जाऊन कोणी कोणाला बोलावलं ते सांगता येतं. तुमच्या प्रेसच्या कोडने चौकट मांडलेलीच नाही. अशा वेळी तिला ज्याने बोलावलं, नेमका तोच यादीतून गळतो.”

“दोन बुकं शिकली तं मशीनले शिकवतं का?” शेठ हसले.

माधवीने डीबगरची नावं बाजूला सारली आणि कच्चा स्टॅक उघडला. प्रेसचं काम संपल्यावर ज्याने बोलावलं त्याच्याकडे परतायचा पत्ता अगदी वरच पडला होता. त्या पत्त्यावरचा कोड तिने पडद्यावर आणला. बटण आणि प्रेस यांच्या मध्ये एक तुकडा होता. योगेंद्रनेच त्याला नाव दिलं होतं : ‘सीझन’. त्यात दाराची कळ कुठेच तपासलेली नव्हती.

योगेंद्र खाली बघत म्हणाला, “शेठजींनीच सांगितलं होतं.”

“सीझनमधी कापसाच्या गाड्या पार रोडपर्यंत लागतात. दर खेपेले दार लावत बसू का?” शेठचा आवाज चढला. “बंद कर रे ते!”

वीज गेली की स्टॅकही पुसला जाणार होता. योगेंद्र कंट्रोलरच्या खटक्याकडे वळला. त्याच्याआधी माधवीचा तळवा खटक्यावर पडला.

“हात काढा, ताई.”

“माह्या बाबाले असं कोणी म्हटलं नाई,” ती म्हणाली.