अकराच्या गाडीचा पाहुणा

रविवार, १७ मार्च १९६३. सकाळी साडेसहा वाजता बेबीताईने लोखंडी कढईवरचं झाकण काढलं. मेंदी आणि आवळकाठी कालपासून भिजत होती. लेप काळा पडला होता.

चंदाबाईने अंगणात पाट टाकला आणि केस मोकळे सोडले. कमरेपर्यंत लांब, मुळापासून टोकापर्यंत पांढरे. वय छत्तीस.

"हलू नका," बेबीताई म्हणाली. "कानावर डाग पडला तं पाहुणा आधी तेच पाहीन."

पाहुणा म्हणजे पूनमसिंग. पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा, बायको वारलेला. अकराच्या एसटीने तो चंदाबाईला पाहायला येणार होता. पसंती झाली तर महिन्याभरात पाट, म्हणजे विधवा चंदाबाईचं दुसरं लग्न, लागणार होता. त्याआधी दोघे येऊन गेले होते. दोघेही केस पाहून चहा न घेता उठले. या वेळी केस काळे आहेत असं इथल्या तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, धावजी यांनीच कळवून टाकलं होतं. ही शेवटची खेप, यापुढे मी कोणाला आणणार नाही, असंही त्यांनी चंदाबाईला सांगितलं होतं.

बेबीताई तांड्यावरच्या गुरुजींची बायको. दोन वर्षांपूर्वी तांडा विहिरीजवळच्या नव्या जागेवर सरकला, शाळा उघडली, तेव्हा ती यवतमाळहून आली. तिने चंदाबाईला अंबाडा घालायला शिकवला. चंदाबाईने तिच्या पिशवीला आरसे टाचून दिले. दुपारी दोघी एकमेकींचे केस विंचरत.

"एवढे पांढरे कवा झाले वो?" बेबीताईने फडक्याने लेप लावत विचारलं.

"लगनानंतर. मोठा ताप आलता. उठली तं अशी. विशी बी नव्हती झाली."

"मालक काही बोलले नाई?"

"लखीराम? तो हसे. म्हणे, जत्रेत हरपली तरी सापडशीन."

लखीराम सन छप्पनच्या दिवाळीनंतर चांद्याकडे खाणीत कामाला गेला. पुढच्या पावसाळ्यात तिकडून एक कार्ड आलं. घाटंजीच्या बाजारात ते धावजींच्या हाती पडलं. कार्डाचा वरचा कोपरा फाटलेला होता. तसं कार्ड मरणाचं असतं; ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. धावजींनी ते तांड्याबाहेर पळसाखालीच फाडलं. त्याच संध्याकाळी चंदाबाईच्या केसांतली चांदीची घुगरी-टोपली उतरली. ती सवाष्णीची खूण.

"कार्डात काय लिवलं होतं?"

"कोण वाचीन? तवा शाळा कुठी होती? अन् कोपरा फाटल्यावर वाचाचं काय रायते?"

"ते बी खरंच," बेबीताई म्हणाली. तिने एरंडाची पानं डोक्यावर ठेवून वरून फडकं घट्ट बांधलं. "अन् पाट लागला तं पहिलं काय कराल?"

चंदाबाईने विचार केला.

"झोपाच्या वक्ती म्हणीन, दार लोटून घ्या. इतके वर्स मीच लोटून राह्यली."

साडेआठला केस धुतले. रंग तांबूस आला. मग घाटंजीहून आणलेली कलपाची पूड कालवून दुसरा लेप दिला. सव्वानऊला तोही धुतला. आता केस काळेभोर होते, पण कपाळावर ओघळ राहिला होता आणि पाणी संपलं होतं. बेबीताई घागर घेऊन विहिरीवर गेली.

तांड्यावर चिटपाखरू नव्हतं. मोहफुलं वेचायला सगळे पहाटेच रानात गेले होते. धावजी फाट्यावर एसटीची वाट पाहत होते.

विहिरीपाशी एक माणूस उभा होता. धोतर, खांद्याला खाकी पिशवी, डोक्यावरचे केस कैद्यासारखे अगदी बारीक कापलेले. पन्नाशीकडे झुकलेला दिसत होता.

"चंदाबाईचं घर कोणतं?"

बेबीताईने पदर सावरला. "अगं बाई! तुमी तं अकराच्या गाडीनं येनार होते नं?"

"घाटंजीहून पायीच आलो. गाडीसाठी थांबावंसं वाटलं नाई."

"एवढी घाई? नाईक तिकडं फाट्यावर तुमची वाट पाहून राह्यले अन् तुमी इकडून हजर."

माणसाने पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "मी येऊन राह्यलो हे इथं मालूम हाय?"

"चार दिवसांपासून तयारी हाय, भाऊजी. अंगण दोनदा सारवलं तिनं."

त्याने तोंड फिरवलं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. पाहुणा हळवा आहे, हे बेबीताईला बरं वाटलं.

"रागात तं नाई नं?"

"राग कायले? इतक्या वर्सांनी का व्हईना, आले नं. आता फक्त उठून जाऊ नका, म्हंजे झालं."

"नाई जात," तो म्हणाला. "आता कुठीच नाई जात."

बेबीताईने घागर भरून डोक्यावर घेतली आणि ती पुढे निघाली. माणूस मागे चालू लागला. चालता चालता तो प्रत्येक घराकडे पाहत होता.

चंदाबाई अंगणात उन्हाकडे तोंड करून केस वाळवत होती. दोघांकडे तिची पाठ होती.

"पाहुणे आले वो," बेबीताईने हाक दिली.

चंदाबाईने घाईने ओढणी डोक्यावर घेतली. ओले केस ओढणीखालून कमरेपर्यंत उतरले होते. पहिल्यांदाच पाहायला आलेल्या माणसासमोर एकदम वळू नये, म्हणून ती तशीच बसून राहिली.

माणूस अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने ते केस बराच वेळ पाहिले. मग तो बेबीताईकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला,

"घर चुकलं, बाई. माह्या बायकोचे केस पांढरे हायत."