पहिला पेला

बर्फाचा तुकडा माठात पडला आणि गल्लीतल्या पोरांनी एकच गिल्ला केला. शगुफ्ताने सरबताची बाटली उलटी धरली. पाणी लालभडक झालं. आता त्याचा पिवळा रंग कुणाच्या बापाला दिसला नसता.

पाणी गल्लीच्याच नळाचं. कराचीच्या या वस्तीत नळाचा पाइप गटारातून येतो. मोटर लावली की आधी वास येतो, मग पाणी. लेकीच्या, मुन्तहाच्या टायफॉइडात डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उकळल्याशिवाय थेंब देऊ नकोस. पुन्हा आजारी पडली तर औषध लागू पडेलच असं नाही." आणि पोरगी वाचली तर मुहर्रमला दारात सबील लावीन, गल्लीला पाणी पाजीन, हा नवसही शगुफ्ताच बोलली होती.

"अम्मां, पाण्याऐवजी खिचडा वाटू या का?" तिने सकाळी सासूला विचारून पाहिलं.

"बोललीस पाणी, आणि वाटणार खिचडा? इमामांशी सौदा करतेस?"

"मग उकळून तरी घेऊ."

"कशावर? तुझ्या गॅसवर रोट्या धड भाजत नाहीत, आणि निघाली माठ उकळायला!"

यात खोटं काहीच नव्हतं. त्या मिणमिणत्या जाळावर एका बाटलीपुरतं पाणी उकळलं. तेही तिने लाल केलं आणि बाटली माठामागे दडवली.

ज्याच्यासाठी नवस, पहिला पेला त्याचा. तापाने केस गेलेली मुन्तहा काळ्या कपड्यांत पुढे आली. साऱ्या बायका बघत होत्या.

"ये गं माझे बाहुले, बिस्मिल्ला कर," दादी म्हणाली.

शगुफ्ता पाठमोरी झाली. ओढणीच्या आडोशाने तिने बाटली पेल्यात रिकामी केली. मुन्तहाने पेला घटाघटा संपवला. बायकांनी दुआसाठी हात उचलले, सासूच्या डोळ्यांना धार लागली. सुटलो एकदाचे, असं शगुफ्ताला वाटलं, आणि वाटल्याबरोबर स्वतःची लाज वाटली.

माठाच्या कडेला शेजारची छोटी रुबाब उभी होती. मुन्तहा अंथरुणाला खिळलेली असताना ही रोज उंबऱ्यात बसून तिला कोडी घालायची. आता तिने आपला पेला पुढे केला.

"खाला, मला पण त्या बाटलीतलं द्या ना. ते जास्त गोड आहे ना?"

शगुफ्ताचा हात माठावरच राहिला. रुबाबच्या मागे रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती, प्रत्येकाच्या हातात पेला.

"बघत काय बसलीस, बहू?" सासू म्हणाली. "पोरं तहानली आहेत."