सगळ्यांना ऐकू जाईल असं

सिमियूने दहा वर्षांच्या नेलिमावर केलेला अत्याचार फक्त माझ्या आईने पाहिला होता. आईला पुरून आज तिसरा दिवस. अंगणात सुतकाला आलेली साठेक माणसं बसली होती. सिमियूचे चुलते, म्हातारे मकोखा, शेळी घेऊन आले आणि माझ्या कानाशी वाकले.

"पोरी, साक्षच गेली. आता खटला कसला? ही ठेवून घे."

मी दावं हातात घेतलं.

"शहाणी आहेस. आईवर नाही गेलीस."

"पण बाबा, सुतकातली भेट कुणाची, कशासाठी, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितल्याशिवाय आपल्यात घेत नाहीत."

ते हसले. काठी टेकून ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ही शेळी सिमियूची. नेलिमाचा खटला मिटवण्यासाठी!"

अंगणातल्या साऱ्या माना वळल्या. मी शेळी घेऊन फाटकाबाहेर पडले.

"अगं, कुठे निघालीस?"

"पोलीस ठाण्यात. लेकरांचा असला खटला परस्पर मिटवणं हाही गुन्हा आहे, बाबा. आई एकटी साक्षीदार होती. आता साठ आहेत."