आधी डबा, मग समुद्र

"आधी डबा, मग समुद्र!" ग्लेनिस कडाडली आणि पोरांची रांग सरळ झाली.

किनाऱ्यावरच्या क्लबात दर रविवारी सकाळी पोरांना लाटांशी झुंजायला शिकवत. त्याआधी टेबलावरच्या पांढऱ्या डब्याचा पंप दाबून ग्लेनिस प्रत्येकाला स्वतः सनस्क्रीन फासायची. कान, मान, गुडघ्यामागची घडी, काही सुटत नसे. तरी यंदा पोरं उकडलेल्या खेकड्यासारखी लाल व्हायची आणि पुढच्या रविवारी सोलवटायची. आत्ताच एका पोराच्या खांद्याची पापडी उडून त्याच्या बापाच्या, डॅरिलच्या, सॉसेजवरच्या कांद्यावर बसली आणि डॅरिलने ती कांद्यासकट खाल्ली. ग्लेनिस त्याच्याकडे वळली.

"दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, डॅरिल."

"आज ढग आहेत की."

"ढगातूनही भाजतं, गाढवा."

"एकदा पोळलं की कातडी पक्की होते. आमचा बाप जन्मभर..."

"तुझ्या बापाचं अर्धं नाक डॉक्टरांनी कापून नेलं."

पुढची तिची नात, पॉपी. केसांचा पार झाडू झालेला.

"क्लबाच्या न्हाणीघरात कंडिशनर ठेवलंय ना? ते लावायला काय होतं?"

"लावते गं आजी. त्यानेच चिकटतात."

"नखरे!"

रांगेत नव्हता तो फक्त रामी, क्लबातला सगळ्यात चपळ पोहणारा. लांब बाह्यांचा सदरा, मानेवर फडकं सोडलेली टोपी. नाकावर साधी लालीसुद्धा नाही. सावळ्यांना कुठलं ऊन लागतंय, ग्लेनिसने मनात म्हटलं.

"घरून लावून आणलंय," त्याची आई मिरवत म्हणाली. "तुमचं फार बुळबुळीत लागतं हो. जुनं तर नाही ना?"

"जुनं? मोसमाच्या सुरुवातीला मी या हातांनी डबे भरलेत! चार तास समुद्रात बसलात तरी पाणी शिवणार नाही, असलं आहे ते."

"मग ही पोरं का सोलवटतायत?"

सॉसेज चघळणारी तोंडं थांबली.

"क्लबाचा नियम आहे," ग्लेनिस थंडपणे म्हणाली. "डब्यातलं नाही, तर पाण्यातही नाही. शनिवारच्या शर्यतीत रामी नसेल."

अख्खा हिवाळा रामीने त्या शर्यतीसाठी गार पाण्यात घालवला होता. टोपीचं फडकं नीट करून तो आईमागून निघून गेला. डॅरिलने मान डोलावली. "बरोबर केलंस. नियम म्हणजे नियम."

दुपारी सगळे पांगल्यावर ग्लेनिसने पॉपीला न्हाणीघरात ओढलं. "बघू कसे चिकटतात ते." तिथल्या तसल्याच पांढऱ्या डब्याचा पंप दाबून तिने ओंजळभर कंडिशनर काढलं, मुळांपासून टोकांपर्यंत खसाखसा चोळलं आणि शॉवर पूर्ण सोडला.

पाणी केसांना शिवलंच नाही. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं थेंबाथेंबाने ओघळून गेलं.