आठ तासांची कॉपी

“डिस्क धडधाकट आहे, काका. तिची वाट अडलीय,” टेबलाखालून दुरुस्तीवालीचा आवाज आला.

काका गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. तीस वर्षं त्यांनी ध्वनिमुद्रक म्हणून नोकरी केली होती. मुलाखती, नाटकं, गाणी, पहाटेचे पक्षी, सगळा ऐवज अकरा जुन्या डिस्कांवर साठला होता. एका वाचनालयाने तो मागितला होता. एकेका डिस्कवरचं एका नव्या मोठ्या डिस्कवर उतरवायचं, एवढंच काम. पण एका डिस्कला आठ-आठ तास लागत.

“हे बघा.” दुरुस्तीवाली धुळीचे हात झटकत बाहेर आली. “दोन्ही डिस्का एकाच जुन्या यूएसबीच्या पट्टीत खोचल्यात. त्यात नव्या डिस्कला ही वायर. ही मोबाइल चार्ज करायची वायर आहे, काका. बसते, चालतेसुद्धा, पण गोगलगायीसारखी. नव्या डिस्कसोबत रुंद तोंडाची वायर आली असणार.”

“मला त्यातलं काही कळत नाही. सगळं लेक बघते.”

“मग त्यांच्याकडून चुकून अदलाबदल झाली असेल. होतं असं.”

तिने पिशवीतून रुंद तोंडाची वायर काढली, दोन्ही डिस्का थेट कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या खोबणींत जोडल्या आणि कॉपी सुरू केली. पडद्यावरची हिरवी पट्टी चक्क सरकताना दिसली.

“तासाभरात होईल. फार तर सव्वा तास.”

काका बघतच राहिले. गेले सहा रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले.

एकदा त्यांच्या हातून एक अख्खं फोल्डर कायमचं उडालं होतं, तेव्हापासून ते बटणांना हात लावत नसत. म्हणून लेक दर रविवारी सकाळी यायची. कॉपी चालू करायची आणि दिवाणावर अंग टाकायची, ती जेवणाच्या वेळेलाच उठायची. दोनदा वाढून घ्यायची. पुन्हा झोपायची. काकांना वाटायचं, बिचारी कंटाळते. दिवसभर एका यंत्राची राखण करायची म्हणजे दुसरं काय होणार.

मध्येच जावयाचा फोन यायचा. “अजून चाळीस टक्केच झालंय,” ती सांगायची. “नाही, मध्ये थांबवता येत नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागतं.” तेव्हा तिचा आवाज खाली उतरायचा. काकांच्या कानांना ते लगेच कळायचं. आयुष्य आवाजांतच गेलेलं. आपल्या कामापायी पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागतंय, म्हणून ती अवघडते, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि जावई एकदा हसत हसत म्हणालाही होता, “बाबा, तुमचं काम आहे म्हणून पाठवतो हं. एरवी आमच्याकडे असं ऊठसूट माहेरी जायची पद्धत नाही.” तो हसला होता, पण काकांना ते लागलं होतं. बायको गेल्यापासून आपण लेकीच्या गळ्यात लोढण्यासारखे पडलोय, असं त्यांना वाटू लागलं होतं. म्हणूनच लेकीला न सांगता त्यांनी दुरुस्तीवालीला बोलावलं होतं.

“मला शिकवाल?” त्यांनी विचारलं. “उरलेल्या मी माझ्या मीच करतो.”

तिने शिकवलं. काकांनी एकेक पायरी कागदावर लिहून घेतली. शनिवारचा अख्खा दिवस ते कॉम्प्युटरसमोर बसून होते. संध्याकाळी अकरावी डिस्कही उतरली. बायकोच्या फोटोकडे बघून ते म्हणाले, “बघ, जमलं मला.”

मग त्यांनी जावयाला फोन लावला.

“तासाभराचं काम होतं हो ते. वायर चुकीची लागली होती. सगळं संपलं. आता तिला दर रविवारी पाठवायला नको. तुम्हाला फार त्रास दिला मी.”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

“तासाभराचं,” जावई म्हणाला. “असं होय. बरं झालं सांगितलंत, बाबा. उद्या आम्ही दोघं येऊन जातो. तिचं काही राहिलं असेल तर घेऊन जाईल. मी खाली गाडीतच थांबेन.”

रविवारी लेक आली. दारातच उभी राहिली, पायांतल्या चपला तशाच. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. रात्री झोप झाली नसावी, असं काकांना वाटलं.

“अगं, आत ये. हे बघ, अकराच्या अकरा.” त्यांनी नवी डिस्क पुढे धरली. “तुझे रविवार सोडवले मी. आता घरी निवांत राहा.”

तिने डिस्ककडे पाहिलं. मग टेबलामागच्या वायरकडे.

“तुम्ही त्यांना फोन केलात?”

“केला ना. म्हटलं, त्यांच्याही मनावरचं ओझं उतरू दे.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. लेकीने खांद्यावरची ओढणी गळ्याशी घट्ट ओढून घेतली आणि वळली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली.

“रागावू नका, बाबा,” ती हळूच म्हणाली. “ती वायर मीच बदलली होती.”