आचाऱ्याची पळी

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण जहाजावरचं बंड या पळीनं पेटवलं,” निवृत्त आचारी नव्या खलाशांना शिस्तीचा धडा देताना म्हणाला. व्याख्यानानंतर पळी काचेच्या कपाटात मानानं ठेवली जाणार होती. मागच्या बाकावर त्याच जहाजाचा म्हातारा बॉयलरवाला बसला होता. पळी पाहताच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. आचारी पुढं सांगत होता, “रश्श्यात अळ्या वळवळत होत्या. कप्तान म्हणाला, ‘वाढ.’ मी म्हटलं, ‘साहेब, हुकूम तुमचा, पण हात माझा.’ पळी अशी आपटली, की तोफांची तोंडं आपोआप कप्तानाकडे वळली.” पोरं खिदळली, टाळ्या पडल्या. बॉयलरवाला उठला. तोफांची थाप त्यानं हसत पचवली असती. वाढायला हात न उचलल्याची मात्र घशाखाली उतरेना. “तोफांचं राहू दे, लेका,” तो म्हणाला. “पण बंडाच्या दिवशी आम्ही उलथली, ती ताटं त्याच रश्श्यानं भरलेली होती. कुणी वाढली होती?”